गहूं नको, दूध नको

प्रवासांतील अन्नाचा प्रश्न आमच्या घराला नवा नाहीं. माझ्या आजोबांच्या काळीं परान्न वर्ज्य असे. दशम्यांचा डबा घेतल्यावांचून घरांतील कोणी प्रवासास निघत नसे. दशमी म्हणजे दुधांत मळलेली कणीक. पाण्याचा स्पर्श नाहीं म्हणून ती सोवळ्यांतहि चाले. आतां त्याच घरांत अशीं दोन नातवंडें आहेत कीं, एकाला दशमींतील दूध चालत नाहीं आणि दुसरीला मुळीं दशमीच चालत नाहीं.

नातवाचा प्रश्न तत्त्वाचा आहे. गोठ्यांतील जनावरांचे हाल वाचून त्यानें दोन वर्षांपूर्वीं दूध, दहीं, तूप आणि मधहि सोडला. या मताला इंग्लंडांत १९४४ सालीं डोनाल्ड वॉटसन नांवाच्या गृहस्थानें ‘व्हीगन’ हें नांव दिलें. नातीचा प्रश्न मताचा नव्हे, प्रकृतीचा. तिला सीलिॲक नांवाचा विकार आहे. कणकेचा गोळा पाण्याखालीं धूत राहिलें म्हणजे पीठ वाहून जातें व हातांत रबरासारखा चिवट लोळा उरतो. त्यालाच ग्लूटेन म्हणतात. तें पोटांत गेलें कीं तिच्या लहान आंतड्याच्या अस्तराची हानि होते, आणि खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. यावर औषध नाहीं. गहूं व जव यांचा जन्मभर त्याग, आणि तोहि काटेकोर, हाच उपचार. हॉलंडांत १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यांत पाव मिळेनासा झाला, तेव्हां असलीं आजारी मुलें उलट सुधारूं लागलीं, आणि विलेम डिके या डच बालवैद्याचा गव्हावरील जुना संशय पक्का झाला. दोन्ही पथ्यें जवळजवळ एकाच वेळीं युरोपांत पुढें आलीं आणि आज आमच्या एकाच पंगतीस येऊन बसलीं, ही मोठी गंमत आहे.

नात अकरा वर्षांची आहे. शाळेच्या सहलीस ती जाते, परंतु जेवणाच्या वेळीं “मला भूकच नाहीं” असें सांगून मोकळी होते. वेगळा डबा उघडण्यापेक्षां उपाशी राहणें तिला सोपें वाटतें. म्हणून गेल्या हिवाळ्यांत मनोरीस शनिवार-रविवार जाण्याचें ठरलें, तेव्हां समुद्राचा आनंद सर्वांना होता, पण मला चिंता होती ती पानाची.

सौभाग्यवतींना मात्र चिंता नव्हती. त्यांनीं वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचें पीठ, शेंगदाणे, कोकम व एक पातेलें बांधून घेतलें. उपासाच्या या जिनसांत गहूं नाहीं, आणि तुपाऐवजीं तेल घातलें कीं नातवाचेंहि भागतें. थोडक्यांत, दोन दिवस एकादशी चालवावयाची, असा बेत होता.

मालाडला उतरल्यावर एका भोजनगृहांत शिरलों. पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ असें होतें. पण त्या शुद्धतेंत तूप बसतें आणि मैदाहि बसतो. बटाटेवडा बेसनाचा खरा, परंतु त्याच कढईंत समोसे तळले जात होते. इडली तांदूळ-उडदाची, तेव्हां ती निर्दोष; अडचण आली सांबाराची. बाजारांतील हिंग बहुधा निर्भेळ नसतो. त्याची तीव्रता कमी करण्यासाठीं त्यांत पीठ मिसळतात, आणि तें पुष्कळदां गव्हाचें असतें. घरीं आम्ही डब्या वाचून हिंग बदलला आहे, म्हणून मीं येथेंहि डबी पाहण्यास मागितली. मालकांनीं ती स्वतः आणली, चष्मा लावून वाचली, आणि म्हणाले, “मास्तर, इतकीं वर्षें हा हिंग घालतों, डबी आज वाचली!” त्यांनीं फोडणी न घातलेली ओल्या खोबऱ्याची चटणी वाढली. दोघां नातवंडांनीं चार-चार इडल्या खाल्ल्या.

मार्व्याच्या धक्क्यावरून होडींत बसलें कीं खाडी ओलांडण्यास कांहीं मिनिटेंच लागतात. पण पलीकडे उतरतांच मुंबई फार दूर राहिल्यासारखी वाटते. आमचा मुक्काम एका वृद्ध ईस्ट इंडियन बाईंच्या घरीं होता. मुंबई-साष्टीच्या या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजानें हें नांव १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळीं घेतलें. घरांत मासळीचा वास होता. सौभाग्यवतींनीं पदर नाकाशीं नेला व आपलें पातेलें कोठें मांडावें याचा विचार करूं लागल्या.

मीं बाईंना आमचीं पथ्यें सांगितलीं. त्या शांतपणें ऐकून म्हणाल्या, “काय नको तें समजलें, मास्तर. आतां काय चालेल तें सांगा.” इतका सरळ प्रश्न आम्हांस आजवर कोणी केला नव्हता.

तांदूळ चालेल, नारळ चालेल, भाज्या चालतील, असें मीं म्हणालों. त्यांनीं फळीवरच्या मसाल्याच्या बाटलीकडे बोट केलें. “ही नाहीं चालायची. आमच्या मसाल्यांत भाजलेले गहूं असतात.” ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि त्यांनीं ती न विचारतां सांगितली. मग फुगेहि बाद झाले, कारण ते मैद्याचे. त्यांनीं पाटा घासून घेतला, मिरची, धने, हळद व खोबरें ताजें वाटलें, आणि कोऱ्या मडक्यांत लाल भोपळ्याचा रस्सा नारळाच्या दुधांत शिजविला. ‘दूध’ हा शब्द ऐकून नातू दचकला होता. तेव्हां सगळ्यांस हंसूं आवरेना.

भाकऱ्या तांदळाच्या, उकड काढून हातावर थापलेल्या. साऱ्यांची पानें सारखीं वाढलीं गेलीं. नातीच्या पानावर वेगळें असें कांहींच नव्हतें. तिनें एकदां डावीउजवीकडे पाहिलें व जेवूं लागली. सौभाग्यवती आपल्या वरीच्या पातेल्याजवळच बसून होत्या. आजोबांचें सोवळें मी केव्हांच सोडलें. त्यांनीं तें अर्धेंमुर्धें ठेविलें आहे, आणि मी त्यांना कधीं आग्रह केला नाहीं. तेवढ्यांत नात म्हणाली, “आजी, आणखी एक भाकरी.”

टोपलींतील भाकऱ्या संपल्या होत्या. सौभाग्यवती उठल्या, हात धुतले, आणि बाईंच्या शेजारीं चुलीपाशीं बसून उकड मळूं लागल्या. भाकरी तव्यावर पडल्यावर त्यांनीं आपलेंहि पान मांडण्यास सांगितलें. वरीचे तांदूळ आम्ही तसेच परत आणले.