न पाहिलेलं पुस्तक

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले होते. घर म्हणजे इंदूर. आमचं मूळ गाव वसई, पण पप्पांची बँकेतली बदली झाल्यापासून गेली सात वर्षं आम्ही अन्नपूर्णा भागात राहतो. देवळाचं ते हत्तींचं प्रवेशद्वार मागे टाकलं की दोन गल्ल्या सोडून आमची बिल्डिंग.

हॉस्टेलवर मला नेहमी विचारतात, "तिकडे कोणी मराठी बोलतं का गं?" होळकरांच्या गावाबद्दल असं विचारलं की मला राग येतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरलंय: 1917, 1935 आणि 2001 साली. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं मराठी आहेत. त्यांच्या मराठीत 'बढिया' आणि 'मतलब' सारखं येत राहतं, एवढाच काय तो फरक.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू शहरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतात. तीस वर्षं झाली. मी साहित्य घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. एका सकाळी त्या पोह्यांची वाटी घेऊन आल्या, मम्मीशी इकडचं तिकडचं बोलल्या आणि जाता जाता मला हळूच म्हणाल्या, "तुला ते शोधगंगा वगैरे येतं का गं?"

मी म्हटलं, "येतं की! त्यात काय!"

हे 'त्यात काय' मला पुढे चांगलंच महागात पडलं.

काकूंच्या कॉलेजात ई-संसाधनांवर कार्यशाळा झाली होती. दोन तास प्रोजेक्टरवर एकामागून एक पानं सरकत होती आणि सगळे प्राध्यापक माना डोलावत होते. शेवटी चहा आणि प्रमाणपत्र. "प्रमाणपत्र मिळालं," काकू म्हणाल्या, "पण घरी येऊन कॉम्प्युटर लावला तर पहिलं पानसुद्धा उघडेना. आणि आता विचारणार कुणाला? समोर सगळे माझेच विद्यार्थी राहिलेले लोक." कॉलेजने 'एन-लिस्ट'चं खातं काढून दिलेलं होतं. पण त्याचा पासवर्ड गेला होता त्यांच्या जुन्या ईमेलवर, आणि त्या ईमेलचा पासवर्ड गेला होता जुन्या मोबाइलबरोबर.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणी सुरू केली. एन-लिस्ट म्हणजे काय, शोधगंगा म्हणजे काय, दोन्ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रातून कसं चालतं, आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी वेगळी कशी, सगळं मी धडाधडा सांगत होते. काकू वहीत लिहून घेत होत्या: 'निळ्या बटणावर क्लिक.' दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळ्या साइटवर गेलो. तिथे निळं बटण नव्हतं. काकू वही चाळत बसल्या. मी त्यांच्या हातातून माउस घेतला आणि म्हटलं, "थांबा, मीच करते."

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं नाही.

मी मम्मीकडे कुरकुर केली की काकूंना जमतच नाहीये. मम्मी भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "तू त्यांना कुठे काय असतं ते दाखवतेस. त्यांना काय हवंय ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. अगदी साधी गोष्ट, पण कार्यशाळेत ती कोणी केली नव्हती आणि मीही केली नव्हती.

संध्याकाळी मी स्वतःहून गेले. आधी सॉरी म्हटलं आणि मग विचारलं, "काकू, तुम्हाला नक्की काय शोधायचंय?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग उठून दार लोटून आल्या. म्हणाल्या, "मी तीस वर्षं मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवतेय. दर वर्षी फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण येतं. मी साल सांगते, ओव्यांची संख्या सांगते, मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्या चार ओव्या फळ्यावर लिहिते. मुलं उतरवून घेतात. पण ते पुस्तक मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एकदाही नाही. आमच्या लायब्ररीत नव्हतं, मग पुढे संसार, पेपर तपासणी... राहूनच गेलं. तीन वर्षांनी रिटायर होईन. न पाहिलेलं पुस्तक शिकवून रिटायर व्हायचं नाहीये मला."

त्यांनी हे मला का सांगितलं असेल? मी कॅथलिक आहे, म्हणून माझ्या घरी ते पुस्तक असणारच, असं बहुतेक त्यांना वाटलं असावं. कारण पुढचं वाक्य होतं, "तू तर वाचलंच असशील."

मित्रमैत्रिणींनो, खरं सांगायचं तर मीही ते वाचलेलं नव्हतं. वर्गात विषय निघाला की मी मोठ्या अभिमानाने सांगायचे, आमच्या फादरांनी मराठीत पुराण लिहिलं म्हणून. पण मलाही येत होत्या त्या पाठ्यपुस्तकातल्याच चार ओव्या. एक क्षण वाटलं, 'हो' म्हणून टाकावं. पण त्यांनी दार लोटून खरं सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाही काकू. मीपण नाही पाहिलेलं."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की आतून काका बघायला आले.

मग खरा शोध सुरू झाला. मी सर्चच्या चौकटीत 'ख्रिस्तपुराण' टाकलं, मग 'क्रिस्तपुराण', मग रोमन अक्षरांत तीन-चार प्रकारे. पुस्तकाबद्दलचे लेख सापडत होते, पण पुस्तक सापडत नव्हतं. माझा 'येतं की' तिथे संपला.

आणि तिथे काकूंचं ज्ञान सुरू झालं. खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "थांब. हे 1616 साली गोव्यात राचोलला छापलं. तेव्हा तिथे नागरी खिळे नव्हते. स्टीफन्सनी 1608 मध्ये रोमला पत्र लिहून विनवलं होतं की इथल्या भाषेत, इथल्या लिपीत पुस्तकं छापली जावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. ती काही पुरी झाली नाही, म्हणून मराठी पुस्तक रोमन अक्षरांत छापलं गेलं. 1616, 1649, 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. आपल्याला मिळणार ती 1907 ची, मंगलोरला सालढाणांनी छापलेली. तीही रोमनमध्येच. मग सांग, जुन्या गोव्याच्या पद्धतीने रोमनमध्ये 'ण' कसा लिहितील?"

मला काय माहीत!

"दोनदा एन. पुराण नाही, 'पुरान्ना' शोध. आणि पुढे 'ख्रिश्चन' लाव, नाव इंग्रजीत असेल."

मी 'ख्रिश्चन पुरान्ना' टाइप केलं, शेवटी दोन एन. आणि इंटरनेट आर्काइव्हवर ते आलं. 'द ख्रिश्चन पुरान्ना ऑफ फादर थॉमस स्टीफन्स', मंगलोर, 1907. पिवळट पानं, कडेला कुठल्या तरी लायब्ररीचा शिक्का. फुकट, पूर्ण.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग रोमन अक्षरांतली मराठी मोठ्याने वाचायला लागल्या. पहिल्या दोन-तीन ओव्यांना अडखळल्या, मग ओवीचा ठेका सापडला आणि गाडी सुरू झाली. मला डोळ्यांनी वाचून काही कळत नव्हतं, कानांनी ऐकून कळत होतं. हे मराठी आहे, माझं आहे, आणि चारशे वर्षांपूर्वी ते एका इंग्रज जेझुइटाने लिहिलंय.

तिथून पुढे आमची जोडी जमली. कुठे टाइप करायचं ते मला माहीत होतं, काय टाइप करायचं ते त्यांना. त्या महिन्यात आम्ही काय काय शिकलो ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्यालाही त्याची गरज पडते.

पहिली गोष्ट, मराठीत शोधताना एकाच स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या गावाचंच बघा: मराठीत 'इंदूर', हिंदीत 'इंदौर', इंग्रजीत तिसरंच. शोधगंगेवर मराठी प्रबंधांची नावं कुठे देवनागरीत असतात, कुठे रोमनमध्ये, आणि रोमनमध्येही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून शब्द सापडला नाही तर विद्यापीठ, मग मराठी विभाग, अशा वाटेने जायचं आणि यादी डोळ्यांनी बघायची.

दुसरी, बरेच जुने मराठी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेले आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात. संगणकाला ती मराठी वाटतच नाही, म्हणून आतलं काही शोधून मिळत नाही. काही तर नुसते स्कॅन असतात. 'सर्चमध्ये आलं नाही' म्हणजे 'नाही' असं समजू नका.

तिसरी युक्ती काकूंचीच. शोधगंगेवर प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतात. त्या सगळ्यात आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल उघडायच्या. "आधी बघायचं हा कोणाकोणाच्या घरी जाऊन आलाय," त्या म्हणायच्या.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. मोठीच गोष्ट आहे. पण ती आहे सरकारी संस्थांसाठी, आणि ती नियतकालिकं मुख्यतः इंग्रजी. मराठीच्या माणसाला अजून विश्वकोश, साहित्य संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं, शोधगंगा आणि जुने स्कॅन यांतूनच वाट काढावी लागते. म्हणून तर वाट दाखवणारं कोणी लागतं.

पण सगळं नेटवर नसतंच. शांताराम बंडेलूंची 1956 ची देवनागरी आवृत्ती आणि फादर कारिदाद द्रागोंची 1996 ची, या दोन्ही काकूंना हातात घ्यायच्या होत्या. त्यासाठी कॉलेजच्या ग्रंथपालांकडेच जायला हवं होतं, आणि नेमकं तेच त्या टाळत होत्या. कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात गेल्या. मला फोनवर सांगत होत्या, "अगं, तो मुलगा तर खूशच झाला! म्हणाला, मॅडम, इथे कोणी काही विचारतच नाही. सगळे सही करून पेपर वाचून जातात." पासवर्ड पाच मिनिटांत नवा मिळाला. दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवता येतं हेही त्यानेच सांगितलं.

आपल्याकडे डॉ. रंगनाथनांना ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात. त्यांचं शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झालं, आणि 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवायचे. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या. 1931 च्या त्यांच्या पाच सूत्रांतलं चौथं आहे: वाचकाचा वेळ वाचवा. काकूंच्या बाबतीत मला वाटलं, वेळेच्या आधी वाचकाची लाज वाचवायला हवी. ती वाचली की वेळ आपोआप वाचतो.

म्हणून मंडळाला एक सुचवते. आपल्या सर-मॅडमसाठी आपण कार्यशाळा घेऊ नये. त्यापेक्षा आठवड्यातून एक तास लायब्ररीत बसावं: एक शिक्षक, एक विद्यार्थी, एकच प्रश्न. माउस शिक्षकांच्या हातात. आणि सुरुवात विद्यार्थ्याने करावी, स्वतःला काय येत नाही ते सांगून. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

जुलैत काकूंचा मेसेज आला. त्यांनी वर्गात ते 1907 चं पान मोबाइलवर फिरवलं आणि मुलांना सांगून टाकलं की हे मी तीस वर्षं न बघता शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, अजून काय काय न बघता शिकवता?" काकूंनी लिहिलं होतं, 'यादी करते आहे. दिवाळीत ये.'

मी आपल्या लायब्ररीतून द्रागोंची आवृत्ती घेतली आहे. जवळजवळ 11,000 ओव्या आहेत. रोज पन्नास म्हटलं तरी सात महिने लागतील. आज एकशे चाळिसावर आहे.