केबलच्या आधी अर्थिंग

चि. सोन्यास,


तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. रेकॉर्ड लावली की तानपुऱ्याखाली घूं-घूं ऐकू येते म्हणालास, आणि दुकानदाराने त्यावर महागडी केबल सुचवली आहे. इतक्यात पैसे घालू नकोस.

ती घूं-घूं तुला का छळते ते मला नीट कळतं. आपली वीज 50 हर्ट्झची. तिचा दुपटीचा सूर, 100 हर्ट्झ, लहान स्पीकरमधून जास्त ठळक उमटतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यात पंचमाची तार साधारण 104 हर्ट्झला वाजते. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला चार हेलकावे बसतात, लागलेला पंचम डळमळतो. माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या मैफलींत रात्र-रात्र बसून ज्याचा कान तयार झाला, त्याला हे सोसवणार कसं?

आता केबलचं. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल जेमतेम 5 मिलिव्होल्टचा. सीडी प्लेअर 2 व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट. म्हणून तर सीडीवर तुला काही जाणवत नाही. इतक्या नाजूक सिग्नलला तांब्याच्या जाळीचं शील्ड हवंच. भिंतीतल्या वायरिंगचा त्रास ती जाळी अंगावर घेते. जाळी दाट असावी, टोकाला डाख पक्का असावा. त्यापुढचे पैसे खोक्याचे. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र मात्र ही जाळी अडवत नाही, तेव्हा प्लेअर ॲम्प्लिफायरवरून उतरव आणि हातभर लांब ठेव. केबल उगाच लांब घेऊ नकोस. मीटरमागे सुमारे 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स वाढतो आणि तार सप्तकाची झळाळी बदलते. स्पीकरच्या वायरला शील्ड लागतच नाही. घरातल्या अंतराला 2.5 स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर भरपूर झाली.

पण माझा जीव अडकलाय तो तुझ्या दुसऱ्याच वाक्यात. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की आवाज कमी होतो आणि बोटांना झिणझिण्या येतात, असं तू सहज बोलून गेलास. अरे, याचा अर्थ सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग पोचतच नसणार. पत्र्यावर झिरपणाऱ्या विजेला जमिनीची वाट नाही. तू हात लावतोस तेव्हा तुझ्या अंगातून ती वाट शोधते. आणि शील्डची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली! पत्राच मोकळा लोंबकळत असेल तर सोन्याची केबल आणलीस तरी ती काय करील?

त्यात तुझं घर नौबादला, जांभ्यावर. जांभा पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडून देतो. बहामनी काळात नौबादच्या जांभ्याखालून करेझ, म्हणजे पाण्याचे भुयारी मार्ग, खोदून पाणी आणलं ते उगाच नाही. मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा तिथे वैशाखात ठणठणीत कोरडा पडतो. भालकीच्या काळ्या मातीत आमचं एवढ्यावर निभावतं, तुझं निभावणार नाही. घरमालकांना सांगून वायरमनला बोलाव. आधी वायर तुटलीय का ते बघू दे, मग खड्ड्यात पाणी घालून मीटरने मोजू दे. 5 ओहमच्या आत आलं की छान.

मग प्लेअरची सुटी ग्राउंडची वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला आवळ आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लाव. कोणी तिसरी पिन काढायचा सल्ला देईल. त्याने घूं-घूं कधीकधी जातेही, पण तसं मुळीच करायचं नाही.

एवढं करूनही, आवाज शून्यावर ठेवूनसुद्धा भुणभुण राहिली, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर बदलायला झाले समज. तो ॲम्प्लिफायर गुलबर्ग्याचा, तिथल्या 42 अंशांत वर्षानुवर्षं तापलेला. दर 10 अंश उष्णतेमागे या कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. नवे 105 अंशांचे घाल, महाग नसतात.

वायरमन येईल तेव्हा मला फोन लाव, मी त्याच्याशी बोलतो. तोवर ॲम्प्लिफायरचा प्लग काढून ठेव.

तुझा,
मामा