झे. सोलकर

चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना नायकाच्या कर्तृत्वाची नोंद कोठे शोधावी, हा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. एकनाथ सोलकरांच्या बाबतीत ती बव्हंशी इतरांच्या नावांपुढे सापडते.

सोलकरांचा जन्म १९४८ सालचा. वडील मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखत. कुटुंब तेथेच आवारात राहत असे. सामने चालू असताना लहानगा एकनाथ धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम करी. पुढे १९६९ ते १९७७ या काळात तो २७ कसोटी सामने खेळला. १०६८ धावा आणि १८ बळी ही कामगिरी मध्यम म्हणावी अशी. एकमेव शतक, १०२ धावांचे, जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवरील पहिल्याच कसोटीत झाले. झेल मात्र ५३, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन!

ही जागा फॉरवर्ड शॉर्ट लेगची. शिरस्त्राण नाही, फलंदाज चार पावलांवर. त्या काळी भारताची सारी भिस्त बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांवर होती. फिरकीला तोंड देण्याचा रूढ उपाय म्हणजे पाय पुढे टाकून चेंडू बॅटीखाली मारून टाकणे. सोलकरांनी नेमका तोच उपाय धोक्याचा केला. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडमधील पहिली मालिका जिंकली. ओव्हलवरील त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात इंग्लंड १०१ धावांत आटोपले. चंद्रशेखरांचे ३८ धावांत ६ बळी सर्वांना पाठ आहेत. त्या धावपत्रिकेत फ्लेचर आणि नॉट यांच्या नावांपुढे ‘झे. सोलकर’ अशी अक्षरे आहेत. नॉटचा झेल तर त्यांनी पुढे झेपावून, जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर टिपला.

परंतु धावपत्रिका हाती आलेला झेलच तेवढा नोंदवते. सोलकर समोर उभे आहेत एवढ्याने बिचकून फलंदाजाने जो फटका बदलला आणि ज्याचा बळी दुसऱ्याच कोणाच्या नावावर गेला, त्याला रकाना नाही. वाङ्मयेतिहास लिहिताना आम्हीही स्वाक्षरीखालची पुस्तकेच मोजतो. ज्यांच्या धाकाने वा धीराने दुसऱ्यांचे लेखन बदलले, ते संपादक तळटीपेत जातात.

सोलकर २६ जून २००५ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी मुंबईत निवर्तले. त्यांचे चरित्र लिहायचे, तर आधी इतरांच्या धावपत्रिका वाचाव्या लागतील. संपादकांच्या बाबतीतही आम्हांला दुसरी वाट दिसत नाही.