लूसाठी मला बेन्स नको

नोव्हाय, मिशिगन
4 जानेवारी 2026

चि. निखिल,


परवा फोनवर तू मोठ्या उदारपणे म्हणालास, "मावशी, हॅरल्ड बेन्स बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊ शकतो, तर तुझा लू व्हिटेकर का नाही?" शिकागोत राहणाऱ्या माणसाने डेट्रॉइटच्या खेळाडूची बाजू घ्यावी हे तसं नवलच. मी खूश व्हायला हवं होतं. पण हा मुद्दा मला नको आहे. का नको, ते फोनवर सांगता आलं नाही, कारण तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी तुझ्या बेन्सबद्दल. गुणी माणूस, यात वाद नाही. बावीस हंगाम, 2,866 हिट्स, 384 होम रन. गुडघे गेले, क्षेत्ररक्षण सुटलं, तरी नुसत्या बॅटच्या जोरावर वर्षानुवर्षं टिकला. व्हाइट सॉक्सने त्याला 1989 मध्ये टेक्सासला देऊन टाकलं आणि पुढच्याच महिन्यात त्याचा 3 नंबर सन्मानाने निवृत्त केला. तो तेव्हा खेळत होता, आणि तेही दुसऱ्या संघाकडून! असं प्रेम किती जणांच्या वाट्याला येतं? पण पत्रकारांच्या मतदानात त्याला एकदाही 6.1 टक्क्यांहून जास्त मतं पडली नाहीत. 2011 मध्ये तो पाच टक्क्यांच्याही खाली गेला आणि यादीतून बाहेर पडला. मग डिसेंबर 2018 मध्ये, यादीतून बाहेर पडलेल्यांचा पुन्हा विचार करणाऱ्या सोळा जणांच्या समितीने त्याला बारा मतं दिली. लागतात बाराच. त्या सोळांमध्ये व्हाइट सॉक्सचे मालक जेरी राइन्सडॉर्फ होते, आणि त्याचे जुने मॅनेजर टोनी ला रूसाही होते. मी याला लबाडी म्हणत नाही. आपल्या माणसासाठी चार चांगले शब्द कोण बोलत नाही? पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

आणि काळ पूर्वी सोकावलेला आहे. फ्रँकी फ्रिश स्वतः थोर सेकंड बेसमन. 1967 पासून 1973 मध्ये वारेपर्यंत ते जुन्या खेळाडूंच्या समितीवर होते. नंतर बिल टेरीही आले. या काळात जायंट्स आणि कार्डिनल्समधले त्यांचे जुने सोबती एकामागून एक आत गेले: जेसी हेन्स, चिक हेफी, रॉस यंग्ज, जॉर्ज केली. बिल जेम्स यांनी 1994 च्या 'द पॉलिटिक्स ऑफ ग्लोरी'त या सगळ्याची चिरफाड केली आहे. तू ते पुस्तक वाच, निखिल. निदान भांडण्यापूर्वी वाच. केली आत आहे म्हणून त्याच्याहून सरस तो प्रत्येक जण आत, असं ठरवलं तर कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये पाटी लावायला भिंत उरणार नाही. शेजारचं पोर पस्तीस टक्क्यांवर पास झालं म्हणून आपल्या पोराला बोर्डात आणा, असं म्हणण्यासारखं आहे हे. लू मला बेन्सच्या मागच्या दाराने आत जायला नको आहे. त्याला तशी गरजच नाही.

तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी लूला ऐकते आहे. 'बघते' असं लिहिलं नाही, कारण बघणं फार नंतर आलं. मी इथे आले तेव्हा बेसबॉल माझ्याशी बोलला तो डब्ल्यूजेआर रेडिओवरून, अर्नी हार्वेल यांच्या आवाजात. पोळ्या लाटताना मी डबल प्ले शिकले. शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमल चेंडू उचलणार, सेकंड बेसवर लूकडे टाकणार, आणि धावत येणारा माणूस अंगावर कोसळायच्या आत लू तो फर्स्ट बेसकडे भिरकावणार. दोघांचं पदार्पण एकाच दिवशी, 9 सप्टेंबर 1977 ला, बोस्टनच्या फेनवे पार्कवर. त्यानंतर 1995 पर्यंत 1,918 सामने ते शेजारी शेजारी खेळले. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी जोडी. ट्रॅमलला समितीने डिसेंबर 2017 मध्ये आत घेतलं. कूपरस्टाउनच्या आपल्या भाषणात त्याने, प्रेक्षकांत बसलेल्या लूलाही हा दिवस दिसावा, असं बोलून दाखवलं. ते मी टीव्हीवर ऐकलं. जाहीररीत्या रडणं मला आवडत नाही, म्हणून स्वयंपाकघरात गेले.

आता आकडे. तुला आकड्यांशिवाय काही पटत नाही. लूचे 2,369 हिट्स, 244 होम रन, आणि 1,197 वॉक्स. त्याला चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेसवर पाठवावं लागलं, ते तो स्ट्राइक-आउट झाला त्यापेक्षा जास्त वेळा. 1978 चा सर्वोत्तम नवखा खेळाडू तो, तीनदा गोल्ड ग्लव्ह त्याला, आणि 1984 चं विजेतेपद जिंकलेल्या, हंगामाच्या सुरुवातीला चाळीसपैकी पस्तीस सामने मारलेल्या डेट्रॉइट टायगर्सचा पहिला फलंदाजही तोच. हल्ली सगळे 'वॉर' नावाचा आकडा वापरतात: सहज मिळणाऱ्या बदली माणसाच्या तुलनेत या खेळाडूने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, त्याचा अंदाज. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशोबात लूचा वॉर 75. ज्यांना कुणी सीमेवरचा म्हणत नाही त्या सेकंड बेसमनचे बघ. राइन सँडबर्ग 68, रोबर्टो अलोमार 67, क्रेग बिजियो 65. तिघेही आत आहेत. तुझा बेन्स 39 च्या आतच आहे. मग कुणाच्या खांद्यावर चढून लूने आत डोकवायचं?

मग घोटाळा कुठे झाला? नियमात झाला, आणि थोडा लूच्या स्वभावात. बेसबॉल लेखकांच्या संघटनेतल्या दहा वर्षं जुन्या सभासदांना मत असतं. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं. आत जायला 75 टक्के लागतात आणि पाच टक्क्यांखाली गेलास की पुढच्या वर्षी नावच नाही. 2001 मध्ये, पहिल्याच वर्षी, लूला 515 पैकी पंधरा मतं पडली. आणखी अकरा मिळाली असती तर वाद चालू राहिला असता. बर्ट ब्लायलेव्हनला दुसऱ्या वर्षी 14.1 टक्के होते, तो चौदाव्या वर्षी आत गेला. लॅरी वॉकर 2014 मध्ये 10.2 वर होता आणि 2020 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला, 76.6 वर पोचला. या दोघांचा खेळ निवृत्तीनंतर सुधारला नव्हता. लोकांची बघायची रीत सुधारली. डेन्व्हरच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो म्हणून वॉकरचे आकडे फुगलेले, असं आधी म्हणायचे. मग कुणी नीट बसून ती फूग वजा केली, तरी बरंच उरलं. पाच टक्क्यांचा नियम हा वेळच देत नाही. गर्दी कमी करण्यासाठी तो केलेला आहे हे मला कळतं, पण सीमेवरच्या माणसाला नेमका वेळच हवा असतो.

आणि त्याच 2001 मध्ये काय झालं बघ. लू बाहेर पडून दोन महिने झाले नाहीत तोच जुन्या खेळाडूंच्या समितीने एका सेकंड बेसमनला आत घेतलं: बिल माझेरॉस्की. फलंदाजीची सरासरी .260, वॉर 36 च्या आसपास. क्षेत्ररक्षण अजोड, आणि 1960 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात शेवटच्या इनिंगमध्ये यांकीजविरुद्ध विजयी होम रन. तो एक फटका अमेरिकेत अजून लोक सांगतात. लूकडे तसा फटका नाही. त्याच्याकडे एकोणीस वर्षं आहेत. आणि सांगायला गेलं तर एकोणीस वर्षांची गोष्ट होत नाही.

खरं तर त्याची एक गोष्ट आहे, पण ती उपयोगाची नाही. 1985 च्या ऑल-स्टार सामन्याला मिनियापोलिसला जाताना गडी युनिफॉर्म गाडीतच विसरला. मग स्टेडियमच्या दुकानातून चाहत्यांसाठीचा साधा शर्ट घेतला, पाठीवर मार्करने 1 काढला आणि तसाच खेळला. तो शर्ट पुढे स्मिथसोनियनने मागून घेतला. म्हणजे शर्ट राष्ट्रीय संग्रहालयात आणि माणूस बाहेर! वृत्तपत्रवाल्यांशी तो फारसा बोलत नसे. स्वतःबद्दल तर नाहीच. मैदानात आला की प्रेक्षक "लूऽऽऽ" असा लांबलचक सूर लावत. पाहुण्यांना वाटे, हे आपल्याच माणसाची हुर्यो का उडवतायत?

आता तू म्हणशील, मावशी एकतर्फी लिहिते. घे, विरुद्ध बाजूही देते. कारकिर्दीच्या उत्तरार्धात डावखुरे पिचर समोर असले की त्याला बरेचदा बसवत. एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात तो आठव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही. सरासरीत, होम रनमध्ये लीगमध्ये पहिला कधी आला नाही. ज्यांना वाटतं की हॉल ऑफ फेम ही शिखरांची जागा आहे, पठारांची नाही, त्यांनी लूला मत देऊ नये. ती प्रामाणिक भूमिका आहे. पण मग त्यांनी डेल मर्फीला मत द्यावं: 1982 आणि 1983 असा सलग दोनदा एमव्हीपी, 398 होम रन, आणि नंतर उतार. तेही त्यांना जमत नाही. (डॉन मॅटिंग्लीचं नाव काढू नकोस. पाठ दुखावली हे वाईट झालं, पण पाठीला मत देता येत नाही.) बाँड्स आणि क्लेमेन्स यांना तर या पत्रात आणूच नकोस. ते सीमेवरचे नाहीत. त्यांचा प्रश्न खेळाचा नाही, इंजेक्शनांचा आहे. त्यावर वेगळं भांडू.

मला घाई का झाली आहे ते सांगते. शिकागोचा रॉन सँटो डिसेंबर 2010 मध्ये गेला आणि पुढच्याच डिसेंबरात निवडून आला. डिक ॲलन 2014 मध्ये एका मताने हुकला, 2020 मध्ये वारला, 2021 मध्ये पुन्हा एकाच मताने हुकला आणि 2024 मध्ये निवडला गेला. त्याच्याच बरोबर निवडलेला डेव्ह पार्कर समारंभाच्या महिनाभर आधी, जून 2025 मध्ये गेला. निदान त्याला बातमी तरी कळली. ही वरातीमागून घोडं नाचवायची हौस कुठून येते कोण जाणे. आपल्याकडे क्रिकेटमध्येही शिवलकर आणि गोयल यांना कसोटीची टोपी मिळाली नाही, पण नायडू पुरस्कार दिला तो दोघं हयात असताना, एवढं तरी बोर्डाला सुचलं.

लूला समितीपुढे एकदाच संधी मिळाली, डिसेंबर 2019 मध्ये. सोळापैकी सहा मतं. 2022 च्या आणि परवाच्या 2025 च्या यादीत त्याचं नावच नव्हतं. परवा निवडला गेला तो जेफ केंट, पुन्हा सेकंड बेसमनच, वॉर 55. केंटबद्दल माझी तक्रार नाही, त्या जागेवरून त्याच्याइतके होम रन कुणी मारलेले नाहीत. आता 1980 नंतरच्या खेळाडूंची पाळी डिसेंबर 2028 मध्ये. लू तेव्हा एकाहत्तर वर्षांचा असेल. डेट्रॉइटने वाट न बघता ऑगस्ट 2022 मध्ये त्याचा नंबर निवृत्त केला, ते बरं केलं.

तेव्हा यापुढे बेन्सचं नाव घेऊन माझ्या बाजूने बोलू नकोस. त्यापेक्षा तुझ्याच संघाचा पिचर मार्क ब्यूर्ली घे. तो पत्रकारांच्या यादीत जेमतेम तग धरून आहे: 214 विजय, 2009 चा परफेक्ट गेम, सलग चौदा हंगाम दोनशेहून जास्त इनिंग, आणि शेवटच्या हंगामात दोनशेला दीड इनिंगसुद्धा कमी पडली नाही एवढ्या थोडक्यात हुकला. मी त्याला मत देईन की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. तू त्याची बाजू दोन पानांत लिहून पाठव. अट एकच: आमच्या डेट्रॉइटच्या पिचर जॅक मॉरिसचं नाव त्यात कुठेही यायला नको. त्याचा 3.90 चा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, मला पाठ आहे, आणि "मॉरिस आत आहे तर" या शब्दांनी सुरू होणारं पत्र मी पुढे वाचणार नाही.

तुझी,
मावशी