शिर्डीहून नगरला : एका शाळेचे ऋण

शिर्डीला जाणाऱ्या एस.टी. गाड्या बाराही महिने भरलेल्या असतात. आपल्या वस्त्यांतूनही लोक जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसे दर्शनाच्या रांगेत दिसली की वाईट वाटते. पण नुसते रागावून काय होणार? आमचे म्हणणे एवढेच, की शिर्डीपर्यंत गेलाच आहात तर तिथूनच नगरची गाडी धरा. पोराबाळांना दाखवण्यासारखे खरे ठिकाण पुढे आहे.

राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी करीत गाडी दोन-अडीच तासांत नगरला पोचते. दोन्ही बाजूंना ऊस. हंगामात बांधाकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसतात. त्या कोप्यांतली कितीतरी मुले गावाकडच्या शाळेच्या पटावर असतात, वर्गात मात्र नसतात.

नगर (आता अहिल्यानगर) म्हटले की भुईकोट किल्ला आणि १९४२ नंतरचा पंडित नेहरूंचा तुरुंगवास, एवढेच पाहुण्यांना सांगितले जाते. आपल्या दृष्टीने नगरची थोरवी त्याच्याही शंभर वर्षे आधीची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली येथे आले. सिंथिया फरार नावाच्या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरल्या होत्या. १८३९ पासून त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरातच त्यांचे निधन झाले. मिशनरी धर्मप्रसारासाठी आले होते, ते आम्ही विसरत नाही. पण ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्या लेकरांना त्यांनी पाटी-पेन्सिल दिली, हेही विसरता येत नाही.

क्रांतिबा जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासोबत नगरला आले आणि त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली. मुली वाचताहेत, हिशेब करताहेत! आपल्या पुण्यात हे का नाही, हा प्रश्न ते घेऊन गेले. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही फरारबाईंकडे, याच नगरला. आज आपल्या घरात नर्सबाई, शिक्षिका, बँकेतली कारकून अशी एखादी लेक असेल, तर तिच्या शिक्षणाची वाट या गावावरून गेली आहे.

नगरचे आणखी एक ऋण आहे. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली येथूनच सुरू झाले. त्याच पत्रात १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापला गेला. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिले आणि वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे सरळ विचारले. शाळेने काय घडते ते यापेक्षा निराळे सांगायला नको.

मग सरकारी शाळा काय करीत होत्या? १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. सरकारने त्याचा हक्क अमान्य केला नाही. पण एकट्यासाठी बाकीच्यांना दुखवायचे नाही, असे ठरवले. पुढे दारे कागदावर उघडली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत बालभीमाचे नाव दाखल झाले. शाळेत बसायला मात्र घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे.

शिर्डीहून दुसऱ्या बाजूला, कोपरगाव ओलांडले की येवला लागते. १३ ऑक्टोबर १९३५ ची ती घोषणा तिथली. त्या वाटेने आम्ही पुन्हा केव्हातरी वाचकांना घेऊन जाऊ.