सावरायला लागणारा वेळ

दूध तापताना बराच वेळ काही होत नाही. आपण जरा पाठ फिरवतो आणि ओटाभर दूध! निसर्गातही असंच चालतं म्हणे. नितळ तळं वर्षानुवर्षं खतांचं पाणी मुकाट पोटात घेतं आणि एका उन्हाळ्यात हिरवंगार, गढूळ होऊन बसतं. मग खत थांबवलं तरी ते सहजी निवळत नाही.

हे आधी ओळखता येईल का? मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘नेचर’मध्ये याची खूण मांडली. खोलगट वाडग्यात गोटी ठेवा आणि टिचकी मारा. गोटी झटकन तळाशी परत येते. वाडगा उथळ होत गेला तर ती रेंगाळते. गोटी अजून तळाशीच असते, त्यामुळे वरवर सगळं आलबेल दिसतं. पण परत यायला लागणारा वेळ वाढलेला असतो. धोक्याची खूण असते ती ही.

स्टीफन कार्पेंटर आणि मंडळींनी याची परीक्षा चक्क एका तळ्यावर घेतली. मिशिगनमधल्या पीटर तळ्यात २००८ पासून त्यांनी थोडे थोडे शिकारी बास मासे सोडले आणि शेजारचं पॉल तळं तुलनेसाठी तसंच ठेवलं. पीटरमधली जीवसाखळी पार बदलली. पण पाण्यातल्या हरितद्रव्याच्या चढउतारांत त्याची चाहूल वर्षभराहून आधी लागली होती!

अर्थात हे पंचांग नव्हे, तारीख मिळत नाही. रोजच्या भरपूर नोंदी लागतात, कधी खोटी घंटाही वाजते. आणि एकच मोठा धक्का बसला तर कसली पूर्वसूचना?

हे सगळं वाचताना मला सारखी आई आठवत होती. तिचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण तीन वर्षांपूर्वीच्या तापातून ती आठवड्यात उठून भाजी आणायला गेली होती. यंदाच्या साध्या सर्दीतून सावरायला तिला महिना लागला. माणूस म्हणजे तळं नव्हे, कबूल. आणि दोन आजारपणांवरून सिद्धांतही मांडता येत नाही. पण सावरण्याच्या वेळाकडे पाहावं, हा विचार डच डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसांबाबतही मांडलाय.

तर दादा, ताई, तुम्ही इथे वाचता म्हणून इथेच लिहितेय. आपण एकमेकांना आईच्या शुगरचे आकडे कळवतो. यापुढे ‘किती दिवसांत उठली’ हेही लिहून ठेवूया. आणि टिचक्या काही आपल्या हातात नाहीत, पण वाडगा थोडा खोल ठेवणं आहे. तिचं रोजचं फिरणं, पोटभर जेवण, कुणाची तरी सोबत.

जिन्याचा कठडा मात्र दिवाळीनंतर नको. याच महिन्यात करून घेऊ.