बरणीतलं पाणी

वर्क फ्रॉम होमच्या काळात मी मोहाडीच्या घरी लोणच्याच्या काचेच्या बरणीत जंगल लावलं. तळाला खडे, त्यावर कोळशाचा चुरा, मग माती, विहिरीच्या काठावरचं शेवाळ आणि एक इवलं नेचं. चार चमचे पाणी शिंपडून झाकण घट्ट लावलं.

पाचव्या दिवशी बाबांनी विचारलं, "याले पाणी केव्हा टाकतोस?"

"टाकायचंच नाही."

"मग मरंल ना ते!"

तसं एक मेलं होतं. पहिल्या बरणीत पाणी जास्त झालं, काच दिवसभर धुरकट राहिली आणि मुळं कुजली. पण हे तगलं. मी बाबांना समजावलं: मुळं मातीतलं पाणी ओढतात, पानांच्या बारीक छिद्रांतून त्याची वाफ होते. ओल्या मातीतूनही वाफ उठते. रात्री काच थंड होते, वाफेचे थेंब तिच्यावर जमतात आणि ओघळून परत मातीत जातात. आमच्या भाषेत, लूप. लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्डना हे १८२९ च्या सुमारास योगायोगानं कळलं. पतंगाचा कोष त्यांनी ओल्या मातीसह बाटलीत बंद केला होता, आणि त्या मातीत नेचं उगवलं. बाहेर शहराच्या धुरात त्यांची नेची जगत नव्हती.

बाबा बरणीकडे बघत राहिले. म्हणाले, "हिले झाकण आहे. आपल्या बांधीले कुठं आहे?"

मी गप्प झालो. कारण त्याच महिन्यात मी त्यांच्या मागे लागलो होतो, की शेतातली बोडी बुजवू. गाळानं अर्धी भरलेली, नुसती जागा अडवते. बुजवली तर धानाच्या दोन बांध्या वाढतील. मी एक्सेल शीटसुद्धा करून दाखवली होती.

शेतातलं पाणीही फिरतंच, पण फेरी फार लांबची. आमच्या बांधीतून निसटलेलं पाणी वैनगंगेत, पुढे प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. ते ढग होऊन कधी, कुठे पडेल, कोण सांगणार? रोवणीनंतर पावसानं दडी मारली, तर धानाला त्या समुद्राचा काय उपयोग? म्हणून तर भंडाऱ्यात इतके तलाव आणि बोड्या आहेत. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तरी माजी मालगुजारी तलावांना आपण अजून 'मामा तलाव' म्हणतो. झाकण लावता येत नाही, तिथे पाणी निदान अडवून ठेवायचं. हे माझ्या शीटच्या एकाही रकान्यात नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शेतात जेसीबी आला, तो गाळ काढायला. अर्धे पैसे मी दिले. निघालेला गाळ बाबांनी बांधीत पसरला.

बरणी आता पुण्यात माझ्या टेबलावर आहे, उन्हापासून दूर. सकाळी काचेवर थेंब दिसले, की बरणीची काळजी मिटते. मग बाबांना फोन लावतो, "बोडी किती भरली?"